दीडपट: नवापूरकडचं एक पास्टर जोडपं आणि एका हंगामाचा हिशोब

नावं कोणाचीच देत नाहीये, गावाचंही नाही. नवापूर तालुका, सुरत-भुसावळ रेल्वेलाईनीपासून थोडं आत, एवढं पुरे. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच, त्यांनी कृपया गप्प बसावं. मी मूळचा अमळनेरकडचा, समाजकार्याच्या पोरांना शिकवतो, आणि वर्गात "केस" म्हणून जे काही पुस्तकातलं देतो त्यात पोरं दहा मिनिटांत मोबाईल काढतात, म्हणून हे माझ्या डोळ्यासमोरचं प्रकरण एकदा नीट लिहून काढलं. ज्या जोडप्याबद्दल आहे त्यांना मी पास्टरकाका आणि मावशी म्हणतो. ऊसतोडीच्या टोळीतले लोक मावशींना याहा म्हणतात. याहा म्हणजे आई, याहामोगी देवीतलं याहा तेच. पास्टरच्या बायकोला याहामोगीला मानणारेही याहा म्हणतात आणि चर्चला जाणारेही, तिकडे त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

आधी ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, २०११ च्या जनगणनेत जवळपास ६९ टक्के लोक आदिवासी. दिवाळी झाली की इथून ट्रक भरून माणसं गुजरातमध्ये ऊसतोडीला जातात, सोनगड-व्यारा ओलांडून बारडोली, मढी, चलथाण, सायण या पट्ट्यात. आपण शाळेत बारडोली म्हणजे १९२८ चा सत्याग्रह आणि सरदार पटेल एवढंच शिकलो, आमच्या या लोकांना बारडोली म्हणजे साखर कारखाना. यान ब्रेमन नावाचे डच समाजशास्त्रज्ञ १९७० च्या दशकापासून या मजुरांबद्दल लिहितायत म्हणजे हे काही कालचं नाही. तोडणाऱ्या नवरा-बायकोला मिळून एक कोयता म्हणतात, माणसं मोजायचीच नाहीत, कोयते मोजायचे. एकटा असला तर अर्धा कोयता. दहा-पंधरा कोयत्यांची एक टोळी, टोळीवर मुकादम. मुकादम पावसाळ्यात, घरात दाणा नसतो तेव्हा, उचल देतो, ती हंगामात अंगमेहनतीने फेडायची आणि शेवटी हिशोब. शेताच्या कडेला किंवा रस्त्यालगत प्लास्टिकच्या कागदाची पालं टाकून राहतात त्याला तिकडे पडाव म्हणतात.

आता चर्चचा यात काय संबंध ते सांगतो. नवापूर-चिंचपाडा भागात ख्रिस्ती मंडळ्या (मंडळी म्हणजे एका चर्चला जमणारी माणसं) मिशनऱ्यांच्या काळापासूनच्या आहेत, चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटलच १९४२ चं. पास्टरकाका तिथल्याच मावची आदिवासी घरातले, तरुणपणी बायबल स्कूल करून आले आणि एका छोट्या मंडळीवर लागले. पहिल्याच नाताळाला चर्चमध्ये म्हातारे, दोन आजारी माणसं आणि कोंबड्या. कारण नाताळ पडतो बरोबर तोडीच्या मधोमध! आख्खी मंडळी बारडोलीकडे. काका सांगतात, "मी सुवार्ता कोणाला सांगू, भिंतीला? मावशी म्हणाली लोक जिथे गेलेत तिथे नाताळ करू." मग ते दोघं एका मुकादमाच्या टेम्पोत बसून गेले, बांबूवर कागदाची चांदणी टांगली, पालासमोर पाचटाची शेकोटी, आणि रात्री नऊला उपासना सुरू केली तर साडेनऊला सगळे बसल्या जागी झोपलेले. पहाटे चारला उठून ऊस तोडणारी माणसं ती. काकांनी प्रार्थना तिथेच आटोपती घेतली. "त्या रात्री कळलं की इथे प्रवचन चालायचं नाही," हे वाक्य मी त्यांच्याकडून वीस वेळा तरी ऐकलं असेल, दर वेळी हसत.

तेव्हापासून तीसेक वर्षं हेच. नोव्हेंबर ते एप्रिल, महिन्यातून दोन-तीन फेऱ्या, कधी रेल्वेने कधी ट्रकने. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे हे सगळ्यांना माहीत असतं, लोक तिथे बाकड्यावर बसून फोटो काढतात, काका त्याच फलाटावर पिशवीत पॅरासिटामॉल, खोबरेल तेल (उसाची पात हाताला कापते, भेगा पडतात), आणि शाळेच्या पोरांसाठी पाट्या घेऊन पॅसेंजरची वाट बघत उभे असायचे. हंगामात आई-बापासोबत जाणारी पोरं शाळेतून जी एकदा सुटतात ती सुटतातच, म्हणून मावशी दर वर्षी आठ-नऊ पोरं सहा महिने स्वतःच्या घरात ठेवायच्या. दोन खोल्या, एक ओटा. त्यांची स्वतःची मुलगी आज नर्स आहे, ती मला एकदा सरळ म्हणाली, "सर, आमच्या घरात आम्हीच पाहुणे होतो. माझी रजई कधी माझी नव्हती." सेवेच्या गोष्टी सांगताना हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहिलं. मानधन मंडळीच्या अर्पणातून, आणि अर्पण देणारे अर्धं वर्ष गायब, तर घर चालायचं मावशींच्या शिलाई मशीनवर आणि उन्हाळ्यात आमचूर करून.

धर्मांतराचं विचाराल तर, हो, लोक बोलतात, गावातही बोलतात, बाहेरचे तर जास्तच. मी काय पाहिलं ते सांगतो. ज्या टोळीची ही गोष्ट आहे त्यात बारा कोयते होते, त्यातले पाच ख्रिस्ती, बाकी याहामोगीवाले, आणि दोन घरं गुलाम महाराजांच्या आप पंथाची, दारूला न शिवणारी. मावशींच्या वहीत बाराच्या बारा कोयते होते. काका भेटीला गेले की प्रार्थना करायचे, ज्याला बसायचं तो बसायचा, आणि भोंगऱ्या बाजार-होळीसाठी लोक गावी निघाले की हेच काका त्यांच्या गाठोड्यांना रस्त्यापर्यंत हात लावायचे. याउपर ज्याला जे म्हणायचं ते म्हणा.

आता वही. या सगळ्या प्रकरणाचा जीव त्या वहीत आहे, माझं मत विचाराल तर काकांच्या तीस वर्षांच्या पायपिटीपेक्षाही त्यात जास्त आहे आणि हे मी काकांच्या तोंडावर बोललोय. मावशी स्वतः कोयत्याची पोर. लहानपणी बापासोबत पडावात, बाप निरक्षर, गाडी भरली की पोरीने पालाच्या बांबूवर कोळशाने एक रेघ मारायची. हंगाम संपता संपता अवकाळी आला, रेघा गेल्या. मुकादमाने जो आकडा सांगितला तो बापाने मान खाली घालून घेतला. सातवीपर्यंत शिकल्या त्या, मिशनच्या बोर्डिंगात, आणि लग्नानंतर पडावात जायला लागल्या तेव्हा पहिल्यांदा काय केलं तर चाळीस पानी वही काढली. उचल किती, कोणत्या महिन्यात, काट्याची (वजनाची) पावती आली की टोळीचे टन किती, ज्वारी किती किलो उचलली, कोण किती दिवस पडून होतं. सुरुवातीला कोणाला दाखवायची म्हणून नव्हतीच ती, सवय म्हणून.

लॉकडाऊनच्या आधीचा एक हंगाम. टोळीत एक नवीन लग्न झालेलं जोडपं, पोरगा बावीस-तेवीसचा, पोरगी त्याहून लहान, ती गरोदर. पावसाळ्यात त्यांनी ३०,००० उचल घेतली होती, निम्मी लग्नाच्या खर्चात गेली, निम्मी पोराच्या बापाच्या आजारपणात. डिसेंबरात थंडी वाढली तसा पोरगा दुखण्याने गुरासारखा ओरडायला लागला, पाय, पाठ, कोपरे. मुकादम म्हणाला नाटकं करतो, दारू उतरली की असंच होतं. पोरगा आप पंथाच्या घरातला, थेंबाला शिवत नव्हता.

मावशींनी त्याचे डोळे पाहिले, पिवळट, आणि विचारलं लहानपणीही असं दुखायचं का. सातपुड्याकडच्या आदिवासींमध्ये सिकलसेल भरपूर आहे हे त्यांना हॉस्पिटलच्या फेऱ्यांमधून माहीत झालेलं. थोडक्यात सांगायचं तर रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांत अडकतात, थंडी, तहान आणि अतिश्रम झाले की जास्तच. म्हणजे ऊसतोड! पहाटे चारची थंडी, दुपारी पाण्याची बोंब आणि डोक्यावर मोळी, एखाद्याने ठरवून सिकलसेलच्या माणसाला छळायचं म्हटलं तरी याहून नेमकं काम सापडणार नाही. काकांनी त्याला घेऊन गाडी पकडली, तपासणीत निघालंच. गोळ्या सुरू झाल्या, फॉलिक अ‍ॅसिड वगैरे, पाणी भरपूर प्यायला सांगितलं, अंग गरम ठेवायला सांगितलं. प्लास्टिकच्या पालात. असो. सगळे मिळून एकोणीस खाडे पडले. त्या एकोणीस दिवसांत पोरगी मात्र पोट घेऊन रोज फडात जात होती, बाकीच्यांच्या मोळ्या बांधायला.

आणि मुकादम. तो काही सिनेमातला खलनायक नव्हे, हे मी पोरांना आधी सांगतो कारण वर्गात लगेच सगळे त्याला शिव्या घालायला लागतात. तो त्याच मंडळीतला, पंच कमिटीवर, चर्चचे पत्रे त्याने दिलेले, लाऊडस्पीकर त्याचा. काका पहिल्या नाताळाला ज्या टेम्पोतून पडावात गेले तो टेम्पो याच्याच बापाचा होता. पडावात कोण येणार कोण नाही हे मुकादम ठरवतो, शेतमालक आणि कारखान्याचा माणूस दोघंही त्यालाच ओळखतात, म्हणजे काकांची तीस वर्षांची सेवा या घराच्या मर्जीवर चालली होती असं म्हटलं तरी चालेल. आणि त्याच्या बाजूनेही त्रास आहेतच, उचल घेऊन पळून जाणारे कोयते असतात, दुसऱ्या मुकादमाकडे जातात, आणि तो स्वतः जो पैसा वाटतो त्यातला बराचसा व्याजाने आणलेला. मी त्याला भेटलो तेव्हा तो मला अहिराणीत म्हणाला (मी अमळनेरचा कळल्यावर), "पोट से ना भो, माले बी जानं पडस" (पोट आहे ना भाऊ, मलाही जावं लागतं). खोटं नव्हतं ते.

एप्रिलमध्ये हिशोब झाला. मुकादमाच्या कागदावर असं होतं: या कोयत्याचे ११२ टन, ठरलेला भाव टनाला २७५, म्हणजे ३०,८०० कमाई. त्यातून उचल ३०,०००, पण कापायची दीडपट, म्हणजे ४५,०००. ज्वारी ४,५०० ची. खाड्याचा दंड दिवसाला २०० प्रमाणे ३,८००. एकूण ५३,३००. म्हणजे सहा महिने तोडून २२,५०० देणं अंगावर, ते पुढच्या हंगामात ओढायचं, आणि पुढच्या हंगामात त्यावर परत दीडपट. पोरीने अंगठा दिला, सही येत असून. का दिलास विचारलं तर म्हणे सगळे अंगठाच देत होते.

त्या दिवशी संध्याकाळी मावशींनी कंदिलात वही उघडली. (लाईट होती खरं तर, पण मावशींना वही कंदिलाजवळच वाचायची सवय, चष्म्याचा नंबर वाढलेला आणि बल्ब लांब.) टोळीच्या काट्याच्या सगळ्या पावत्यांची बेरीज १,५१२ टन. बारा कोयते. प्रत्येकी १२६ यायला पाहिजेत, ११२ कसे? त्या रात्री त्यांनी कागदावर पाचदा भागाकार केला. बाराने नाही, तेराने नाही. शेवटी साडेतेराने भागलं तर बरोब्बर ११२. म्हणजे कागदावर दीड कोयता जास्तीचा होता. एक मुकादमाचा पुतण्या, जो हंगामात दोनदा मोटारसायकलवर येऊन गेला, आणि अर्धा कोयता कोणाच्या नावाचा ते आजपर्यंत कळलेलं नाही.

मग मावशींनी स्वतःचा हिशोब मांडला, आणि मला त्यांच्याबद्दल जो आदर आहे तो या पानामुळे आहे. १२६ टनाचे ३४,६५०. उचल ३०,०००, त्यावर व्याज नाही कारण उचल म्हणजे आगाऊ मजुरी, आणि गरिबाला दिलेल्यावर व्याज घेऊ नये हे शास्त्रात आहेच. ज्वारी ४,५००. इथपर्यंत आले तर पोराला १५० रुपये मिळायचे, आणि दुसरी कोणी असती तर इथेच थांबली असती. पण त्यांनी खाडेही धरले. म्हणाल्या, ज्या दिवशी तो पडून होता त्या दिवशी अकरा कोयत्यांनी त्याचा ऊस तोडला, ते पैसे मुकादमाचे नाहीत पण त्या अकरांचे आहेत. मात्र पोरगी कामाला जात होती, तेव्हा खाडा अर्धा. १,९००. म्हणजे दीडशे वजा जाता १,७५० देणं, आणि तेही मुकादमाला नाही, टोळीला. तर मावशींच्या प्रामाणिक हिशोबातसुद्धा हे दोघं सहा महिने राबून कर्जातच. २२,५०० नव्हे, १,७५०. मी वर्गात इथे थांबतो, आणि पोरांना विचारतो की अन्याय नेमका कुठे आहे, मुकादमाच्या कागदावर की टनाच्या भावात? अर्धा तास जातो.

पुढे काय करायचं यावर नवरा-बायकोत पहिल्यांदा जोरात वाजलं. काकांचं म्हणणं बायबलमधल्या मत्तय १८ प्रमाणे जाऊ, आधी एकट्याने भेट, नाही ऐकलं तर दोन साक्षीदार, नाही तर मंडळीपुढे. मावशींचं म्हणणं वही सरळ रविवारी वाचून दाखवू, ज्याने पत्रे दिले त्याच्या पत्र्याखाली. आणि हेही म्हणाल्या की मजुराची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्यावी असं बायबलच्या अनुवाद नावाच्या पुस्तकात, २४ व्या अध्यायात आहे, याकोबाच्या पत्रात कापणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते असं आहे, तुम्ही तीस वर्षांत या वचनांवर एकदा तरी बोललात का? काका गप्प. नव्हते बोलले. टेम्पोत बसून गेलेला माणूस टेम्पोवाल्याविरुद्ध बोलत नाही, हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, त्याच शब्दांत.

शेवटी काकांच्या पद्धतीने झालं. पहिल्या भेटीत मुकादमाने चहा पाजला, हसला आणि म्हणाला, "पास्टर, तुम्ही आत्म्याचं बघा." दुसऱ्या भेटीत एक म्हातारे पंच आणि झेडपीचे एक निवृत्त गुरुजी सोबत नेले. तिथे पावत्या काढल्यावर तो दीड कोयत्यावर अडकला, कबूल झाला नाही पण "चूक झाली असेल" इथपर्यंत आला. दीडपटीवर मात्र इंच हलला नाही. आणि त्याचं एक वाक्य काकांना लागलं ते असं की माझ्याच पैशाने तुमची फेरी होत होती तेव्हा दीडपट दिसली नाही का.

कायद्याकडे का गेले नाहीत, हा प्रश्न दर वर्षी येतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा १९७९ चा कायदा तेव्हा होता, वेठबिगारी बंदीचा १९७६ चा, उचलीत माणूस बांधून ठेवणं त्यात बसतं. गुरुजींनी चौकशी केली. एका ऑफिसात सांगितलं काम गुजरातेत झालं, तिकडे जा. तिकडे एकाने सांगितलं मुकादम तुमच्याकडचा, तिकडेच जा. लेखी करार नाही, मुकादमाचा कागद मुकादमाकडे, आणि हातात काय तर पास्टरच्या बायकोची वही. अर्ज करायला पोरगा-पोरगी तयार नव्हती, कारण पुढच्या पावसाळ्यात दाणा कोण देणार. मला वाटतं इथे सगळ्यांनीच जरा लवकर सोडलं, गुरुजींनीही आणि नंतर कळल्यावर मीही. एखादा ओळखीचा वकील धरता आला असता, टोळीतल्या बारांनी मिळून अर्ज केला असता तर वजन वेगळं पडलं असतं. शहाद्याकडे अंबरसिंग महाराजांच्या काळात, १९७० च्या आसपास, आदिवासी शेतमजूर संघटित होऊन उभे राहिले होते, म्हणजे या मातीत ते होतच नाही असं म्हणायची सोय नाही.

तिसरी पायरी, मंडळीपुढे नेण्याची, काका आज-उद्या करत राहिले. मे महिन्यातला पहिला रविवार, प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी भाकर आणि प्याला घ्यायचा विधी. मी त्या दिवशी तिथे होतो, मागच्या बाजूला, चपला ठेवतात तिथे. काका भाकर आणि प्याला घेऊन रांगेने येतात, बायका डाव्या बाजूला सतरंजीवर. मावशींसमोर आले, मावशींनी मान हलवली. घेतलं नाही. मोठ्याने काही नाही बोलल्या, एवढंच म्हणाल्या, आधी आपल्या भावाचं मिटवा, मग. काका प्याला धरून तसेच उभे, पत्र्यावर कुठलंसं पाखरू टकटक करत होतं तेवढाच आवाज. मग पोरीने घेतलं नाही (ती ख्रिस्ती घरातली, पोरगा आप पंथाचा, लग्न कसं झालं ती वेगळीच कथा), मग तिच्या शेजारच्या दोघींनी. पुढच्या रांगेत मुकादम बसलेला, त्याने मागे वळून पाहिलं नाही पण मान लाल झालेली मला मागून दिसत होती. काकांनी प्याला झाकून ठेवला आणि तिथेच, प्रवचनाच्या सुरात नाही, घरात बोलतात तसं, सगळा हिशोब सांगितला. १,५१२, बारा, साडेतेरा, सगळं.

पुढचं पटकन सांगतो. मुकादम आणि त्याच्या भाऊकीतली नऊ घरं मंडळी सोडून गेली, त्याच्या अंगणात वेगळी उपासना सुरू झाली. लाऊडस्पीकर नेला, पत्रे राहिले. पोरा-पोरीचं देणं त्याने २२,५०० वरून ५,००० वर आणलं, कुठल्या हिशोबाने देव जाणे, आणि त्यांनी ते दिलं, पोरीच्या माहेरहून आणून. मानधन जवळपास निम्म्यावर आलं. आणि पडाव बंद झाले, आजूबाजूच्या मुकादमांपर्यंत बातमी गेलेली, पास्टर आला की हिशोब काढतो. दोन हंगाम काका पडावात जाऊ शकले नाहीत, आठवडी बाजारात जाऊन मेथीच्या जुड्यांशेजारी बसायचे आणि लोक बाजाराला आले की तिथेच भेट, तिथेच गोळ्या, तिथेच वही. त्यातच मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन आला, लोक हायवेने आणि रुळारुळाने चालत परत यायला लागले, तेव्हा मावशींच्या ओट्यावर तीन आठवडे चूल विझली नाही. मुकादमाचा पुतण्या, तोच मोटारसायकलवाला, धान्य पोचवायला तीन दिवस होता. यावर कोणी काही बोललं नाही.

वाईट काय झालं ते सांगायचं तर, मंडळी फुटली ती फुटलीच. बारातल्या आठ कोयत्यांनी पुढच्या वर्षी दुसरा मुकादम धरला, दीडपट तिथेही तीच. बदललं एवढंच की त्या टोळीने काट्याच्या पावत्यांचे मोबाईलवर फोटो काढायला सुरुवात केली आणि मुकादमाला ते माहीत आहे. पोरगा आता तोडीला जात नाही, नवापुरात एका दुकानात हमाली सोडून बाकी सगळं करतो, थंडीत दोन स्वेटर घालून. पोरगी मावशींकडे वही लिहायला बसते.

काकांच्या चुकीबद्दल मला पोरं विचारतात तेव्हा मी सांगतो की चूक एप्रिलमध्ये नाही झाली, पहिल्या नाताळाला टेम्पोत बसताना झाली, आणि तिथे मी असतो तर मीही बसलो असतो, एसटी जात नव्हती त्या पडावापर्यंत. मावशींची चूक मला विचाराल तर वही इतकी वर्षं स्वतःच्या पिशवीत ठेवली ती. टोळीची वही टोळीत पाहिजे होती, पहिल्या महिन्यापासून, एकाला लिहिता येत असलं तरी पुरतं. आता दिवाळीनंतर ट्रक निघायच्या दिवशी मावशी रस्त्यावर उभ्या राहून टोळीमागे एक वही आणि एक पेन देतात. किती वह्या भरून परत येतात विचारलं तर म्हणाल्या, "तीन आल्या. एकीत पोरांनी चित्रं काढली."

गेल्या डिसेंबरात गेलो होतो. काका आता सत्तरी ओलांडलेले, गुडघे गेलेत, मावशींचं एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मावशींनी बायबलच्या कव्हरमधून एक पाकीट काढलं. तीन हंगामांपूर्वी पोरगी १,७५० रुपये घेऊन आली होती, म्हणे याहा, तुझ्या वहीत आमचं देणं आहे ना, ते लिहून टाक. मुकादमाला ५,००० दिलेत तरी? तर म्हणे ते त्याचे, हे टोळीचे. अकरा कोयत्यांना प्रत्येकी १५९, वर एक रुपया उरला तो दानपेटीत टाकला. सात कोयते सापडले, त्यांना दिले, त्यातल्या दोघांनी घेतले नाहीत तर मावशींनी त्यांच्या पोरांच्या हातात दिले. चार सापडत नाहीत. पाकिटात ६३६ रुपये आणि चिठ्ठीवर चार नावं. एक कोयता आता सौराष्ट्रात कपाशीला जातो असं कोणीतरी सांगितलंय, गाव माहीत नाही. मावशींनी चिठ्ठी माझ्यापुढे धरली, "तुमची पोरं सर्वेला कुठे कुठे जातात ना सर, राजकोटकडे कोणी जातं का?"